करवतीच्या भोवताली

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाने जड वस्तूंच्या मोहात पडू नये, असा आपल्या वर्गात एक अलिखित संकेत आहे. पाटा-वरवंटा माहेरी ठेवून येणारी गृहिणी आणि पुस्तकांची पेटी थोरल्या भावाच्या माळ्यावर टाकून येणारा गृहस्थ, दोघेही तो निमूटपणे पाळतात. झोपाळा, शिसवी पलंग, आजोबांचे कपाट या वस्तू ‘घरी’ असतात; आणि ‘घर’ हा शब्द उच्चारताना ज्या गावाकडे आपली मान वळते, त्या गावी आपण वर्षाकाठी बारा-पंधरा दिवस राहतो. उरलेले दिवस जेथे जातात त्याला आपण ‘क्वार्टर’ म्हणतो. क्वार्टरमध्ये खुर्च्या घडीच्या असतात, खाटा सुट्या होणाऱ्या असतात, आणि भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी मनुष्य घटकाभर विचार करतो.

हा संकेत मी मोडला, त्याला आता चार वर्षे होतील. बेंगळूरच्या माझ्या क्वार्टरच्या मागल्या व्हरांड्यात करवतीचे एक मेज उभे आहे. इंग्रजीत याला ‘टेबल सॉ’ म्हणतात, आणि येथल्या सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या दुकानांतही तेच नाव चालते. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : धातूचे एक सपाट मेज, त्याच्या मध्यावर अरुंद फट, आणि त्या फटीतून डोके वर काढलेले दहा इंच व्यासाचे दातेरी चक्र. जाताना कापते आणि येतानाही कापते अशी करवतीची आपल्याकडे ख्याती आहे. ही करवत मात्र कोठे जात नाही की येत नाही. ती जागच्या जागी गरगरते, आणि लाकूड आपणच तिच्याकडे ढकलीत न्यायचे असते. मोक्षासाठी काशीस जाऊन करवत घेण्याची एक जुनी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. यंत्र घरात आले त्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी तिचेच स्मरण करून दिले.

यंत्र घेण्याचे कारण मात्र पारमार्थिक नव्हते. जबलपूरला असताना कोनाड्याच्या मापाने करून घेतलेली मांडणी हैदराबादच्या कोनाड्यात शिरेना. हैदराबादेत तिची उंची कमी करून घेतली, तर बेंगळुरास ती भिंतीच्या निम्म्यावर येऊन थांबली. पडद्यांचेही तेच, मुलीच्या अभ्यासाच्या मेजाचेही तेच. सरकारने देशभर इतके नियम एकसारखे केले, पण दोन गावचे कोनाडे एकसारखे केले नाहीत. दर बदलीला सुतार शोधावा, त्याची भाषा वेगळी, आपली वेगळी, हातवाऱ्यांनी माप समजावून द्यावे आणि काम पुरे होते न होते तोच पुढची बदली उभी राहावी, या चक्राला मी कंटाळलो होतो. आपल्या फळ्या आपणच कापाव्या, असे मनाने घेतले.

यंत्राचे वजन सत्तावीस किलो. एका माणसाला उचलता येते, ठेवायला जागा फार लागत नाही. ते घेताना मी याच दोन गोष्टी पाहिल्या होत्या, आणि कोणताही बदलीवाला मनुष्य याच दोन गोष्टी पाहील. पण करवतीचे मेज म्हणजे केवळ करवत नव्हे. त्या यंत्राचे स्वतःचे मेज जेमतेम दोन फुटांचे. पात्याच्या मागे वीतभर जागा आणि मग एकदम हवा. कापायची फळी मात्र सहा-आठ फुटांची. म्हणजे चहाच्या बशीत केळीचे पान मांडण्यासारखा प्रकार.

हे मला ज्यांनी प्रथम समजावून दिले त्यांचा परिचय करून देण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा. इकडे आचारी म्हणजे लाकूड, लोखंड, सोने अशी कोणतीही कारागिरी करणारा. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाजवळ राहणारे एक वृद्ध गृहस्थ आचारी आहेत असे कळले, तेव्हा आमच्या घरात मुलीच्या वाढदिवसाला त्यांच्याकडून जिलबी करवून घ्यावी काय, याचा गंभीरपणे विचार झाला होता. पुढे समजले की ते एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते. बिडाचा यंत्रभाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात रस ओततात. त्या प्रतिकृती करण्यात आचारींची उभी हयात गेली. सुतारांतले हे सोनार म्हणावयास हरकत नाही. बीड थंड होताना आकसते म्हणून त्यांची फूटपट्टीसुद्धा निराळी असते. त्या पट्टीवरचा एक फूट आपल्या फुटाहून अष्टमांश इंच मोठा. ती पट्टी त्यांनी अजून जपून ठेवली आहे. पण वेगळ्या डब्यात, दोरीने बांधून. खऱ्या पट्टीशेजारी ती कधी ठेवू नये, असे ते म्हणतात.

यंत्राचा आवाज ऐकून ते पहिल्या शनिवारी खाली आले. करवत पाहायला येणारा प्रत्येक मनुष्य प्रथम पाते पाहतो, आणि बहुतेक जण तेवढेच पाहून जातात. आचारींनी पात्याकडे पाहिलेच नाही. ते मेजाच्या मागे जाऊन उभे राहिले, मागच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “नोडि सार, येथे काय आहे?” मी म्हटले, काही नाही. “म्हणूनच विचारले,” असे म्हणून त्यांनी आपला डावा हात माझ्यासमोर धरला. तर्जनीची दोन पेरे नव्हती.

त्यांनी ती हकीगत एकदाच सांगितली, तीही चार वाक्यांत. फळी लांब होती. धरायला मागे रोज असणारा पोऱ्या त्या दिवशी नव्हता. काप जवळजवळ पुरा झाला आणि फळी पलीकडे पडू लागली. “पडू दिली असती तर फळी फुटली असती. मी तिला धरायला हात पुढे केला.”

बोट कापताना जात नाही, धरताना जाते, ही गोष्ट मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. नंतर कागदावर आकडेमोड करून पाहिली. माझ्या यंत्राचे पाते मिनिटाला सुमारे चार हजार आठशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ऐंशी. परीघ ऐंशी सेंटीमीटर धरला तर एकेक दाता सेकंदाला चौसष्ट मीटर, ताशी दोनशे तीस किलोमीटर धावतो. आपली उद्यान एक्सप्रेस मुंबईला पोहोचायला जवळजवळ पूर्ण अहोरात्र घेते. तो दाता रुळावर सोडला तर पाच तासांत पोहोचेल. या वेगापुढे सावधपणा हा गुण अपुरा पडतो. सावध मनुष्यसुद्धा पडणारी वस्तू पाहिली की हात पुढे करतोच. तेथे विचाराला अवसर नसतो. तेव्हा फळी पडणारच नाही अशी व्यवस्था करणे, एवढाच उपाय उरतो.

याची मीमांसा सोपी आहे. फळी पुढे सरकते तशी तिचा अधिकाधिक भाग मेजाच्या मागच्या कडेबाहेर जातो. निम्म्याहून अधिक बाहेर गेली की ती खाली झुकू पाहते. मग आपला जो हात तिला पुढे ढकलीत असतो, त्यालाच तिची अलीकडची बाजू खाली दाबूनही धरावी लागते. एका हाताला दोन कामे लागली की दोन्ही अर्धवट होतात. फळी थोडी तिरपी होते, कापलेली फट मिटते आणि पात्याला आवळते. पात्याचे पुढचे दाते खाली जात असतात, पण मागचे दाते वर येत असतात. त्या दात्यांनी फळी उचलली की ती कापणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. हे टाळण्यासाठी पात्यामागे फटीत राहणारी एक पोलादी पट्टी असते आणि वर झाकणही असते. कित्येक कारागीर ती दोन्ही काढून खणात ठेवतात, याचे मला नेहमी नवल वाटते. १९९९ मध्ये स्टीफन गॅस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, त्वचेचा स्पर्श होताच क्षणार्धात थांबणारे पाते शोधून काढले. तशी यंत्रे माझ्यासारख्याच्या आवाक्यात नाहीत. मागे एक साधे मेज असणे मात्र कोणाच्याही आवाक्यात आहे.

आचारींनी मला अट घातली की मागचे मेज होईपर्यंत चार फुटांहून लांब लाकूड कापायचे नाही. मी म्हटले, बाजारात रुळाची घोडी मिळते, ती मागे उभी करू. त्यांनी मान हलवली. रूळ पात्याशी अगदी काटकोनात नसला तर तो फळीला बाजूला ओढतो. ज्याने आधार द्यायचा तोच आपल्या बाजूला ओढू लागला तर त्यापेक्षा तो नसलेला बरा. कचेरीत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

मग आम्ही मेज करायला घेतले. व्हरांडा अकरा फूट लांब आणि सहा फूट रुंद. आठ फुटांची फळी कापायची तर पात्याच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे हवेत. तेव्हा यंत्राची दिशा अशी धरली की फळीचे टोक मागल्या दारातून अंगणात निघावे. दार उघडले की आमचा कारखाना मोठा होतो, मिटले की पुन्हा क्वार्टर होते. मागचे मेज चार फुटांचे, यंत्राखालच्या पेटीला बिजागऱ्यांनी जोडलेले. काम झाले की झडपेसारखे खाली पडते. त्याचा पृष्ठभाग शटरिंगच्या प्लायवुडचा केला. काँक्रीट ओतताना वापरतात ते हे प्लायवुड. त्यावर गुळगुळीत चकाकता थर असतो आणि फळी त्यावरून लोण्यासारखी सरकते. या शहरात बांधकामाला तोटा नसल्यामुळे ते मिळायलाही अडचण पडली नाही. बाकीचे प्लायवुड सिद्धय्या रस्त्यावरून आणले. अठरा मिलिमीटरचे आठ बाय चारचे शीट बत्तीस किलोंच्या आसपास भरते. दुकानातच त्याचे दोन उभे भाग करून घेतले.

मेजाची उंची ठरविताना आमचे दोन शनिवार गेले. माझी समजूत अशी की मागचे मेज यंत्राच्या मेजाशी तंतोतंत एका पातळीत असावे. आचारी म्हणाले, तंतोतंत असा शब्द सुताराने उच्चारू नये. मागचे मेज केसभरही वर राहिले तर फळीचे टोक त्याच्या कडेला अडते; अडले की मनुष्य अधिक जोर लावतो, आणि जोर लावलेला हात कोणत्या क्षणी निसटेल हे सांगता येत नाही. म्हणून ते किंचित खालीच हवे. किती? त्यांनी घरात पाहिले आणि एका फायलीचा पुठ्ठा उचलला. त्याच्या जाडीएवढे. (फायल बाजारातून विकत आणलेली होती, सरकारी नव्हे, हे येथे नोंदवून ठेवतो. ई-ऑफिस आल्यापासून सरकारी पुठ्ठ्यांनाही काही काम उरलेले नाही, ही गोष्ट वेगळी.)

व्हरांड्याच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो. चार फुटांत तो अर्ध्या इंचाहून अधिक निघाला. मेजाच्या पायांच्या टोकाशी उलटे बोल्ट बसवून, ते फिरवीत पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला. यंत्राच्या मेजात पात्याला समांतर दोन खाचा असतात; आडवे लाकूड काटकोनात कापण्याची सरकपट्टी त्यांतून पुढे जाते. त्या खाचा मागच्या मेजातही तशाच पुढे न्याव्या लागल्या, थोड्या रुंद ठेवून. उजव्या हाताला दोन फुटांची बाजूफळी बसविली, कारण रुंद तुकड्याचा भार त्या बाजूला येतो. डाव्या हाताला एक फुटाची घडीची. हे सर्व लिहायला दहा ओळी लागल्या. करायला पावसाळा गेला. शेजाऱ्यांशी शनिवारी दहा ते बारा एवढाच आवाज करण्याचा करार आहे. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी डोकावून पाहिले, तेव्हा मी येथे आल्यावर शिकलेले पहिले कानडी वाक्य उपयोगात आणले : स्वल्प ॲडजस्ट माडि. थोडे सांभाळून घ्या. त्यांनी सांभाळून घेतले.

मेजाखालच्या पेटीचा प्रश्न निराळा होता. नुसते यंत्र उंचावर ठेवायला चार पाय पुरेत. पण खाली एवढी जागा मोकळी सोडणे आमच्या घरात कोणालाच मान्य नव्हते. सौभाग्यवतींनी विचारले, खण किती करणार? मी म्हटले, तीन. त्या म्हणाल्या, गुळेदगुड्ड इतके जवळ असता तीनच? आपल्या भाषेत मेजाचा खण आणि चोळीचा खण एकच शब्द वापरतात, आणि दुसऱ्या प्रकारचा खण विणणारे गाव कर्नाटकातच आहे, याचा मला त्या दिवशी आर्थिक भुर्दंड पडला.

खणांची दिशाही आचारींनीच ठरविली. ते समोरून उघडायचे नाहीत. कारण समोर आपण उभे असतो, आणि यंत्र चालू असताना गुडघ्याशी काही उघडे राहणे बरे नव्हे. ते डाव्या अंगाने उघडतात, म्हणजे उघडायला यंत्र थांबवून वळसा घालूनच जावे लागते. पहिल्या खणात पाती आहेत, ताटाळ्यातल्या ताटांसारखी उभी : उभ्या रेषेने फाडायला चोवीस दात्यांचे, सर्वसाधारण कामाला चाळीसचे, प्लायवुडला साठचे. दुसऱ्यात गुण्या, पाणसळ, पटाश्या, रंधा. तिसरा खण भुशाचा. पात्याखालून पडणारा भुसा त्यात जमतो आणि त्याला घरातला धूळशोषक पंप जोडता येतो. लाकडाची धूळ ही निरुपद्रवी वस्तू नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ साली तिची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. हा खण झाल्यावरच सौभाग्यवतींनी यंत्राला घरात राहण्याची परवानगी कायम केली. खणांच्या बाजू सिल्व्हर ओकच्या आहेत. कोडगू-चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेले हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इकडे आले, रुजले, आणि आता त्याला कोणी परका म्हणत नाही. खण सरकण्यासाठी मी लोखंडी पट्ट्या आणणार होतो. आचारींनी सागाच्या पट्ट्या लावून त्यांवर मेणबत्ती घासली. अजून कुरकुरत नाहीत.

पेटीच्या उजव्या अंगाला, कंबरेच्या उंचीवर, एक खुंटी आहे. तिच्यावर ढकलायची काठी टांगलेली असते. पाते आणि बोटे यांच्यात शेवटची वीतभर फळी उरली की ही काठी हाती घ्यायची. ती खणात असती तर कोणी काढली नसती. तिच्याच खाली मोठे तांबडे बटण आहे. दोन्ही हात गुंतलेले असले तरी गुडघ्याने दाबता येते.

माझा पदवीचा विषय गणित होता. सगळे झाल्यावर हौसेने ‘लीलावती’ पुन्हा उघडली. ११५० साली लिहिलेल्या त्या ग्रंथात क्रकचव्यवहार नावाचे एक छोटे प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. ओंडका बुंध्याकडे वीस अंगुळे जाड, शेंड्याकडे सोळा, लांबी शंभर अंगुळे, चार ठिकाणी उभा कापला. तर कापलेले क्षेत्र किती? दोन जाडींची सरासरी अठरा, गुणिले शंभर, गुणिले चार, भागिले पाचशे शहात्तर. उत्तर साडेबारा हात. कारागिरांशी जे ठरेल त्याप्रमाणे आणि लाकूड मऊ की कठीण हे पाहून मजुरी द्यावी, असेही आचार्यांनी सांगून ठेवले आहे. भास्कराचार्य चाळीसगावजवळच्या पाटणचे की विजापूरचे, यावर माझा व माझ्या कानडी सहकाऱ्याचा दर तीन महिन्यांनी वाद होतो आणि कॉफीबरोबर मिटतो. पण या गणितात माझ्या मनात आलेली शंका दोघांनाही सोडवता आली नाही. कापलेल्या क्षेत्राची मजुरी मिळाली. तो ओंडका ज्या मांडणीवर चढवला, ती मांडणी कोणी बांधली आणि तिचे काय दिले? आचारींना विचारले. ते म्हणाले, “मांडणीचे पैसे कोणी देत नाही सार. ती ज्याची त्याने बांधायची असते.”

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे वळतो. शहाजीराजांना १६३८ नंतर आदिलशाहीकडून बेंगळूरची जहागीर मिळाली. एका अर्थी तेही येथे बदलीवरच आले होते, असे आम्ही मराठी मंडळी नव्या माणसाला हटकून सांगतो. पुढचे वाक्य मात्र कोणी उच्चारीत नाही, की बदलीवर आलेल्याला जावेही लागते. माझे येथे पाचवे वर्ष चालू आहे. यादी निघायची वेळ जवळ आली आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली निघालेल्या आदेशात माझ्या स्तराच्या नोकराला बदलीसाठी दीड हजार किलो सामान ठरवून दिले होते. यंत्र, पेटी, मागचे मेज, बाजूफळ्या आणि खणांतील हत्यारे मिळून सव्वाशे किलो होतात. म्हणजे त्या वजनाचा बारावा हिस्सा. बसते. म्हणून आरंभापासूनच माझा आग्रह होता की जेथे जेथे सांधा आहे तेथे बोल्ट हवा, सरस नको. सगळे सुटे करून नेता आले पाहिजे.

हे प्रथम बोललो तेव्हा आचारींनी रंधा खाली ठेवला. आधार हलता कामा नये, म्हणाले. बोल्ट आज ना उद्या ढिला होतो, सरसाचा सांधा लाकडाहून बळकट असतो. ते खरेच होते. पण एवढ्या साध्या मुद्द्यासाठी ते पुढचे दोन शनिवार आले नाहीत, तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रश्न बोल्टाचा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांना ठोकाठोकी करता येत नाही. त्यांची हत्यारे खाटेखाली दोन पेट्यांत आहेत. गेली चार वर्षे आठवड्यातले दोन तास ते माझ्या व्हरांड्यात उभे राहून काम करीत होते. माझ्या मुलीचे मेज, शेजारच्या बाईंचा देव्हारा, त्यांच्या नातवाची लाकडी आगगाडी येथेच झाली. मी जे मेज सुटे करून न्यायचे म्हणत होतो, ते मला माझे वाटत होते. ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मला कानडी तेवढे येत नाही आणि त्यांना मराठी मुळीच येत नाही, हे अशा वेळी दोघांनाही सोयीचे असते.

तिसऱ्या शनिवारी ते कागदाची पुडी घेऊन आले. आत बोल्ट होते, रुंद चकत्यांसह. शिवाय सागाच्या बारीक खुंट्या. प्रत्येक सांध्याला दोन खुंट्या जागा धरून ठेवतील आणि बोल्ट फक्त आवळून धरील, म्हणजे दहा वेळा उघडून जोडले तरी पातळी बिघडणार नाही, अशी योजना त्यांनी घरी बसून केली होती. कागदावर आकृतीही होती. पाच शनिवार ते काम चालले. त्यांनी एकाही सांध्यावर घाई केली नाही.

शेवटी तुकड्यांवर आकडे घातले. एकूण अकरा तुकडे. खिळा तापवून प्रत्येकाच्या खालच्या अंगाला त्यांनी आकडा उमटविला, अर्थात कानडी. त्यांतले दोन, तीन, चार आपल्यासारखेच दिसतात. पाचापासून पुढे मात्र वाट निराळी होते. तेव्हा पहिल्या खणाच्या आतल्या बाजूस मी एक कागद चिकटविला आहे : एका रकान्यात त्यांचे आकडे, दुसऱ्यात आपले. नागपूर असो की शिलाँग, तो कागद समोर धरून मला सर्व जोडता येईल. आकडे घालताना एकाच ठिकाणी आमचे जुळले नाही. मी म्हटले, पहिला आकडा पेटीला द्या. यंत्र तिच्यावर बसते, आणि नव्या जागी सर्वांत आधी तीच लागणार. त्यांनी खिळा पुन्हा विस्तवात धरला, मागच्या मेजापाशी गेले, आणि पहिला आकडा त्याच्यावर उमटविला.